गाळलेल्या जागा

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या पाठीमागे
रताळ्यांच्या शीतगृहाचं छप्पर.
त्यावर आम्ही फोम मारत होतो.
दोन पिंपं, एक गन, साठ मीटर पाइप.
दोन रसायनं गनच्या तोंडाशी भेटतात
आणि तीन सेकंदात तिसरंच काहीतरी होतं,
फुगतं, फटीत शिरतं, धरून बसतं.
माझा धंदा विचाराल तर एवढाच:
गाळलेल्या जागा भरणे.
शाळेत या प्रश्नाला मला पाचापैकी पाच असायचे.

दुपारी वारा फिरला.
डोळ्यांना न दिसणारे कण उडाले
आणि शेजारच्या पार्किंगमध्ये उतरले
एकवीस मोटारसायकलींवर, मॅनेजरच्या पांढऱ्या गाडीवर,
आणि एका कोऱ्या स्कूटरवर, जिच्या हँडलला अजून हार होता.
पाचला शिफ्ट सुटली.
एकाने टाकीवरून हात फिरवला
आणि तो हात तसाच धरून
वर, माझ्याकडे बघितलं.
पॉलिश पेपर झाला होता रंगाचा.

तिसऱ्या दिवशी सर्वेअर आले, यरगट्टी.
छत्री, टेप, भिंग.
एका टाकीवर नखाने खरवडून बघितलं, नखच तुटलं.
मग फॉर्म काढला.
"गाळी एष्टित्तु?"

कानडीत वाऱ्याला गाळी म्हणतात.
जन्म इथे गेला, तरी ऐकलं की मला वाटतं
कुठेतरी काहीतरी गाळलंय.
म्हटलं, होता की, रोज असतो तेवढा.
बेळगावात वारा कोण मोजतो साहेब?
वारा आहे म्हणून तर लोक पेन्शन घेऊन इथे राहायला येतात.
ते हसले नाहीत.
ताशी पंचवीसच्या वर वारा असेल
तर कंपनी अंग काढून घेते,
हे पान चौदावर, इंग्रजीत,
मुंगीच्या अक्षरांत होतं.
यरगट्टींनी फाउंड्रीच्या धुराड्याकडे बघितलं.
धूर तिरका होता, आडवा नव्हता.
"इप्पत्तु," म्हणाले, आणि वीस लिहिलं.
आजच्या धुरावरून परवाचा वारा.

पुढचा रकाना: कामगार किती?

चार, मी म्हटलं.
गेल्या दिवाळीत एजंट हुंदऱ्यांनी विचारलं
तेव्हाही चारच सांगितले होते.
डोक्यामागे अकराशे वाढत होते
आणि त्याच आठवड्यात कंप्रेसर बसला होता.
पाचवा, भरमाणी, शिडीखाली उभा होता
पाइप गुंडाळत, खोकत.
यरगट्टींनी त्याच्याकडे बघितलं.
मग माझ्याकडे.
"नाल्कु," म्हणाले. नाल्कु म्हणजे चार.
माझ्या कानडीत तेवढा आकडा आता पक्का आहे.

गाड्यांचे पैसे आले.
पहिले पंचवीस हजार माझे, बाकीचे कंपनीचे.
स्कूटरवाल्याने नवा हार घातला.
भरमाणीचा खोकला मात्र
'एकाएकी घडलेल्या अपघातात' बसेना,
आणि त्याचं नावही कुठे बसेना.
तो खोकला नऊ वर्षं येत होता,
घाम येतो म्हणून मास्क कपाळावर सरकवण्याइतका
सावकाश.
मी बघायचो. कधी ओरडायचो, कधी नाही,
काम संपवायचं असलं की नाही.
"घसा जळूलालाय मालक, बाकी काय नाही," म्हणायचा.
किणयेच्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावला.
तो फोटो मी उजेडात धरून बघितला:
मला ज्यातलं कळतं तेच दिसलं,
पांढरं, भरत आलेलं.

दिवाळीला हुंदरे नवा फॉर्म घेऊन आले.
पाच, मी म्हटलं.
पाचवा कोण?
भरमाणी किणयेकर.
"तो येतो कुठे आता?"
येत नाही. भावाच्या काजू कारखान्यात
गेटवर खुर्ची टाकून बसतो.
त्याचा मास्क शेडमध्ये खिळ्याला आहे,
काचेवर एक थेंब घट्ट झालेला.
हप्ता मी भरतो म्हटलं. घ्या की, अकराशे.
न येणाऱ्या माणसाचा हप्ता
कंपनी घेत नाही, हुंदरे म्हणाले,
आणि चहा निवायच्या आत रकाना भरला.

चार.
या वेळी आकडा खरा आहे.